मदत हवी आहे: ऑटोकॅड 2024 वर जुने मॅक्रो अडकलेत

नमस्कार मंडळी, गोरेगावला आमचं छोटं डक्टिंगचं ड्रॉइंग ऑफिस आहे. इतकी वर्षं ऑटोकॅड 2007 वर चाललं, गेल्या आठवड्यात 2024 घेतलं. सगळं काम एका डीव्हीबी फाईलवर (ऑटोकॅडमधली कामं आपोआप करणाऱ्या मॅक्रोंची फाईल) उभं आहे. ती लिहिणारे काका निवृत्त होऊन कुडाळला गेले, आणि कोडमध्ये एक टिप्पणी असेल तर शपथ!

व्हीबीए (हे मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेत ती) वेगळं डाउनलोड करून टाकलं, फोल्डर ट्रस्टेड पाथमध्ये, म्हणजे ऑटोकॅडच्या विश्वासू फोल्डरांच्या यादीत, घातला. फाईल लोड होते. 64 बिटमुळे डिक्लेअरच्या (विंडोजची फंक्शन्स बोलावणाऱ्या) ओळींवर एरर होती, तिथे पीटीआरसेफ हा शब्द लावला. रंगाच्या ओळीत शेवटी 17 हा ऑटोकॅडचा जुना आवृत्ती क्रमांक लिहिलेला होता, ते 24 केल्यावर लेयर बनायला लागले. (एवढ्यासाठी अख्खा रविवार गेला.)

आता घोडं अडलंय फाईल निवडायच्या खिडकीवर. तिच्यासाठी कॉमडीएलजी32 ही विंडोजची लायब्ररी वापरलीय. बटण दाबलं की काहीच उघडत नाही, एररही नाही. तिला द्यायच्या टाईपमधले (माहितीच्या रचनेतले) हँडल अजून 32 बिटी लाँगच आहेत. ते लाँगपीटीआर (64 बिटला चालणारा प्रकार) करून त्या टाईपचा आकार लेनऐवजी लेनबी फंक्शनने द्यायचा का? की स्ट्रिंग पॉइंटरचंही काही बदलावं लागतं?

शिवाय फॉर्मवरचं कॅलेंडर रेफरन्सेसमध्ये (कोडला लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत) मिसिंग दाखवतंय. 64 बिटला चालणारा पर्याय कोणी वापरलाय का? शुक्रवारी भिवंडीच्या गोदामाची शीट्स द्यायची आहेत.