अनुभव धागा : दिवाळीच्या बाजाराची ती एक संध्याकाळ

वसुबारस झाली की जळगावात संध्याकाळी टॉवर चौकातून गाडी काढायचं कुणी मनातही आणत नाही. फुले मार्केट, गोलाणी, नवी पेठ, सराफ बाजार, जिकडे पाहावं तिकडे माणसं पायी. रोषणाई, दुकानाबाहेर नेसवून उभे केलेले पुतळे, उटण्याचा वास. वर्षभरात गावाची एवढी नटलेली संध्याकाळ दुसरी नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

आमची शेती. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कपाशीची पहिली वेचणी दिवाळीआधी हाती यायची आणि त्या पैशांतून कपडे. दादा, म्हणजे माझे वडील, दुकानात शिरले की आधी कापड चिमटीत धरून चोळायचे. मग काठाचा एक धागा मागून घ्यायचे आणि बाहेर येऊन काडी ओढायचे. धागा कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती. आक्रसून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. "आपण कापूस पिकवतो, पोरांच्या अंगावर कापूसच पाहिजे," एवढंच म्हणायचे. आम्हा भावंडांचा जीव तोवर टांगणीला, कारण चमकणारा शर्ट हटकून मणी व्हायचा! दादा जाऊन चार वर्षं झाली. काडेपेटी मी अजून सोबत नेते.

तुमच्या गावची अशी संध्याकाळ सांगा. कपडा, दागिना, काहीही चालेल.

धुळ्याहून
मी गिऱ्हाईक म्हणून नाही, गादीवरून लिहितोय. आग्रा रोडला साडीच्या दुकानात सतरा वर्षं सेल्समन आहे. धनतेरसला शिरपूर, साक्री, शिंदखेड्याकडची माणसं येतात, बसायला जागा नसते. एकेका घरासमोर पन्नास-साठ साड्या उलगडतो. "भाऊ, आखो दखाड ना," म्हणजे आणखी दाखव ना, असं म्हटलं की मी उठतोच. कंटाळा येतो का, असं लोक विचारतात. नाही येत. म्हाताऱ्या आईच्या खांद्यावर पदर टाकला की ती आरशात बघत नाही, सुनेच्या तोंडाकडे बघते. सून हसली की साडी गेली.
शटर पडल्यावर घड्या घालायला बारा वाजतात. त्यानंतर मालक आम्हाला आमच्या बायकांसाठी साडी निवडू देतात. दिवसभर शेकडो बायकांना रंग सुचवलेला असतो, पण तेव्हा मात्र हात थांबतो. तिचा रंग कोणता, हे नीट आठवावं लागतं. गेल्या वर्षी मोरपंखी नेली. तिने ती भाऊबीजेला नेसली, तेव्हा सतरा वर्षांचं सार्थक झालं.

भुसावळहून
आमच्याकडे बाजार दसऱ्याआधीच पेटतो, कारण रेल्वेचा बोनस. ७८ दिवसांचा, जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. भावाच्या खात्यात पैसे पडले की क्वार्टरमधल्या सगळ्या बायका एकदमच निघतात. लेकीला बाराशेचा फ्रॉक घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्केच जीएसटी झाला, आधी हजाराच्या वर गेलं की १२ लागायचा. वाचले त्यात तिच्या बांगड्या आल्या.

धडगावकडून
दिवाळीचं नाही, पण आमचा भोंगऱ्या सांगू दे. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातले आठवडे बाजार भोंगऱ्याचे होतात. होळीसाठी डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कडे इथूनच घ्यायचे. पण खरी शोभा माणसांची. एका पाड्याच्या पोरी एकाच ताग्यातलं कापड घेऊन सारख्या नटतात, म्हणजे गर्दीत लांबूनच ओळखू येतं, त्या बघा आमच्या! अंगावर चांदी, मागे ढोल आणि बासरी. माझ्या आजीची चांदीची साखळी मी पहिल्यांदा घातली, तेव्हा तिचं वजन मानेला दिवसभर जाणवत होतं. संध्याकाळी परतताना आजीने ती माझ्या गळ्यातून काढली नाही.
एक कळकळीने सांगायचंय. भोंगऱ्या म्हणजे पोरापोरींनी पळून जायचा बाजार, असं बाहेरचे लिहितात. ते खरं नाही आणि ते वाचून आम्हाला वाईट वाटतं. हा होळीच्या खरेदीचा आणि भेटीगाठीचा बाजार आहे. फोटो काढायचा तर आधी विचारा.

चोपड्याहून
आईच्या लग्नातल्या पाटल्या मोडायला नेल्या, तेव्हा त्यांत सांगितलं त्यापेक्षा बरंच कमी सोनं निघालं. ज्या दुकानातून घेतल्या होत्या, त्यांनी ओळखच दिली नाही. आई घरी येऊन गप्प बसली होती. म्हणून पहिल्या पगारावर धनतेरसला जळगावच्या सराफ्यात गेले. भिंगातून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आधी पाहिला आणि सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर तो टाकून खात्री केली. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असावाच लागतो. दोन ग्रॅमची अंगठी, वर ३ टक्के जीएसटी. आईने भिंग मागून घेतलं आणि स्वतः एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. तिचा आवाज ऐकून शेजारच्या दोन बायकांनीही आपापल्या दागिन्यांवर तो शोधला. पावती जपून ठेवा, एवढंच सगळ्यांना सांगते.

धागाकर्ती
चोपड्याच्या ताई, मोठ्याने वाचलं ते फार छान झालं. आणि धडगावकर, आजीच्या साखळीचं आणखी लिहा ना, कोणत्या बाजारातली होती?

अमळनेरहून
वडील शिंपी. दसऱ्यानंतर नवं कापड घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम, तरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानात माणसं असायचीच. मी काज-बटणाला बसायचो. एकदा एक बाप-लेक आले. पोरगा आठ-नऊ वर्षांचा, आदल्या दिवशी घेतलेल्या शर्टाच्या बाह्या त्याला वीतभर लांब. रेडीमेड दुकान बंद झालेलं. वडिलांनी पूजेचं ताट बाजूला सरकवलं आणि मशीनवर बसले. बाह्या आखूड केल्या, पण उसवल्या तर पुढच्या वर्षी वाढवता येतील अशी आत दोन बोटं दुमड ठेवली. पैसे घेतले नाहीत. पोराने शर्ट तिथेच अंगात घातला, आणि रस्त्यावर फटाके वाजत असताना दोन्ही हात पुढे धरून मनगटांकडे बघत बघत गेला.