फ्रेम लांब पाठवायचीये, पॅकिंग कसं करू?

धागाकर्ता
जुन्या सिंगल सिलिंडर मोटरसायकलची नुसती फ्रेम आहे. इंजिन, चाकं, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) सगळं उतरवलंय, परवाच पावडर कोटिंग होऊन आलीये. इंजिन मित्राकडे आहे, तो दीड हजार किलोमीटरवर, जोडणी तिकडेच होणार. काट्यावर वजन १४ किलो. लांबी १२५ सेंमी, उंची ७०, इंजिन बसतं तिथे रुंदी ४५. बबल रॅप गुंडाळून तशीच टाकू की लाकडी पेटी करू? आणि कुरियरवाला म्हणतो ७९ किलोचे पैसे पडतील. चौदाचे एकोणऐंशी कसे झाले?

प्रतिसाद १
फसवत नाहीये तो. लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ५०००. हलकी पण जागा खाणारी वस्तू असली की असंच मोजतात. तुमचा आकडा उघड्या फ्रेमचा आहे. खोक्यात घालून प्रत्येक बाजूला अडीच सेंमी वाढवा, १३० × ७५ × ५०, म्हणजे ९७.५ किलो! मालवाहू ट्रकने पाठवलंत तर बऱ्याचदा प्रत्यक्ष वजन धरतात, किंवा भाजक वेगळा असतो. आधी विचारून घ्या. मागची सबफ्रेम (सीटखालचा सांगाडा) बोल्टची असेल तर काढून आत आडवी ठेवा. खोक्याची लांबी ९५ वर आली तर तेच खोकं ७१ किलोवर येतं.

धागाकर्ता
वेल्डिंगची आहे हो, एकसंध. कापू का? ;)

प्रतिसाद २
कापू नका, मग धागा 'फ्रेम सरळ कशी करू' असा होईल.

मी तीन फ्रेमा पाठवल्यात. पहिली बबल रॅप आणि पुठ्ठा एवढ्यावरच. फ्रेमला काही झालं नाही, खोक्याचं झालं. साइड स्टँडचा लग (स्टँड जिथे बसतो तो कान) पुठ्ठ्यातून बाहेर आला, भोक मोठं होत गेलं आणि बोल्टांची पिशवी वाटेत कुठेतरी गळाली. त्यात स्विंगआर्म ज्यावर फिरतो तो स्पिंडलही होता. तेव्हापासून मी उलटा विचार करतो. लोखंडाला पुठ्ठ्यापासून कसला धोका? पुठ्ठ्यालाच लोखंडापासून वाचवायचं.

म्हणून आधी टोकं शोधा. फ्रेमवरून हात फिरवा, जिथे टोचेल तिथे काम आहे. फुटरेस्टचे ब्रॅकेट, स्टँडचे लग, मागच्या शॉकअपचे खुंट, हेड पाइपच्या (हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या) दोन्ही कडा. प्रत्येकावर लाकडाचा तुकडा किंवा जाड रबर, वरून टेप. नळ्यांवर एसीच्या पाइपावर घालतात ती काळी फोमची नळी उभी चिरून बसवा, टेप फोमवरच गुंडाळा, रंगावर नको. कोटिंगवर टेपचा गोंद राहिला की काढताना वैताग येतो.

इंजिन माउंटिंगच्या कानांकडे विशेष लक्ष द्या. ते पातळ पत्र्याचे, आत मोकळे. वर दुसऱ्याचं पार्सल पडलं की एक कान चार-पाच मिमी आत वाकतो आणि मग इंजिन बसत नाही, मित्र तुम्हाला शिव्या घालतो. दोन कानांमध्ये अगदी मापाची पाइप ठेवा, त्यातून आट्यांचा रॉड घाला, दोन्हीकडून वॉशर-नट लावून हाताने घट्ट करा. पाना लावून आवळलंत तर तुम्हीच वाकवाल. स्विंगआर्मच्या जागेलाही हेच.

बोल्ट, स्पिंडल वगैरे वेगळ्या पार्सलने पाठवा. (माझा स्पिंडल अजून सापडलेला नाही.)

प्रतिसाद ३
बबल रॅप ताज्या रंगावर लावू नका, फुग्यांचे गोल ठसे उमटतात. माझ्या टाकीवर आहेत अजून.

प्रतिसाद २
ते ओल्या रंगाचं, दादा. हवेत वाळणारा रंग वरून कोरडा वाटला तरी आतून कडक व्हायला दिवस जातात. पावडर कोटिंग भट्टीतून निघून थंड झालं की पक्कंच असतं. त्याला भीती घासण्याची. सुतळी किंवा पॅकिंगची पट्टी थेट नळीवर आवळली तर ट्रकच्या थरथरीने तिथे मंद पट्टा पडतो. म्हणून सगळ्यात आत पातळ फोम शीट, मगच बाकी.

प्रतिसाद ४
हेड पाइपच्या आत, जिथे कोनसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) कप बसतात, तिथे कोटिंग मुद्दाम चढवलेलं नसतं. उघडं लोखंड. ग्रीसचा हात फिरवून प्लास्टिकने तोंड बंद करा. आट्यांनाही ग्रीस.

खोक्यासाठी सायकलच्या दुकानात विचारा, नवीन सायकली येतात ती खोकी ते फेकूनच देतात. एकात फ्रेम मावणार नाही, ते जेमतेम वीतभर रुंद असतं. दोन उघडून एकात एक सरकवा, जिथे दुहेरी होईल ते तळाला. लाकडी पेटी ट्रकसाठी उत्तम, कुरियरला वजन आणि माप दोन्ही वाढवते. परदेशी पाठवणाऱ्यांसाठी जाता जाता: कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का लागतो, लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं हवं. प्लायवूडला ती अट नाही.

प्रतिसाद ५
कागदांचं कोणीच बोललं नाही. चेसिस नंबर ठोकलेली फ्रेम म्हणजे कायद्याच्या नजरेत जवळपास अख्खी गाडीच. कोटिंगखाली नंबर बुजला नाही ना, ते आजच बघा. नंबरचा जवळून फोटो, मालकीच्या कागदाची प्रत आत, एक मित्राला फोनवर. पत्ता खोक्यावर दोन बाजूंना आणि एक चिठ्ठी फ्रेमला बांधून. वरचं लेबल फाटतं.

आणि तुमची फ्रेम यामाहा एसआर ५०० सारखी नळीत ऑइल साठवणारी नाही ना? असेल तर पूर्ण रिकामी करून बूच लावा. तेल झिरपलेलं खोकं कोणी पुढे नेत नाही.

धागाकर्ता
ऑइलवाली नाही. नंबर मात्र खरंच अर्धा बुजलाय, शेवटचे तीन आकडे नखाला लागतात पण दिसत नाहीत. उद्या कोटिंगवाल्याकडे, मग सायकलवाल्याकडे. ट्रकनेच पाठवतोय.

प्रतिसाद २
नंबर साफ करायला ग्राइंडर लावू देऊ नका त्याला, आकडेच जातील. रंग काढायचं रसायन आणि प्लास्टिकची पट्टी. उघड्या जागेवर ग्रीस. आणि खोकं बंद केल्यावर दोघांनी उचलून हलवा. आत टक् वाजलं तर परत उघडा.