चार महिन्यांत केस मऊ का होत नाहीत?

ताई, ट्रान्स स्त्री म्हणून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) सुरू करून चार महिने झाले तरी केसांचा पोत बदलला नाही, म्हणून मात्रा वाढवावी का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया स्वतःहून मात्रा वाढवू नका. त्याने केस लवकर मऊ होत नाहीत, उलट रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो आणि बाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळे संप्रेरकांचा परिणाम मुळाशी, नव्याने वाढणाऱ्या भागातच होतो. अंगावरचे केस बारीक होण्यास 6 ते 12 महिने लागतात, आणि पूर्ण परिणामाला त्याहून पुष्कळ अधिक. दाढीचे केस मात्र केवळ गोळ्यांनी जात नाहीत, त्यासाठी लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईतून वीज देऊन केसाचे मूळ नष्ट करणे) करावे लागते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेणाऱ्यांत याच्या उलट, बारीक लव जाड आणि काळी होते. कुरळेपणा मुळाच्या आकारावर ठरतो. तो बदलल्याचे काही जण सांगतात, पण त्याची खात्री देता येत नाही. आपल्या जळगाव-अमळनेरकडे बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानेही केस राठ होतात, म्हणून आंघोळीच्या शेवटी केस साध्या गोड्या पाण्याने धुऊन पाहा. मी स्वतः पहिले वर्ष याच काळजीत काढले आहे.