मदत हवी आहे: आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये टोरोंटोचे लीफ्स की माँट्रियलचे कॅनेडियन्स, २०२५-२६ मध्ये कोण पुढे?

मित्राशी पैज लागलीय आणि मी घाईघाईत माँट्रियल म्हणून बसलोय, आता जरा पोटात गोळा आलाय. २०२४-२५ च्या सीझनला टोरोंटो अटलांटिक डिव्हिजनमध्ये (दोघांचाही गट) पहिले होते हे मान्य, पण त्यांचा मार्नर व्हेगासला गेला ना राव, १०२ पॉइंट्सचा (गोल अधिक असिस्ट) माणूस, त्यातले ७५ तर असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास! टोरोंटोचा गोल करणारा मॅथ्यूज, त्याला ते पास आता कोण देणार? तो आधीच एका सीझनमध्ये ६९ गोलवरून ३३ वर आलाय.

इकडे माँट्रियल कसेबसे प्लेऑफमध्ये घुसले नि वॉशिंग्टनने ५ मॅचमध्ये घरी पाठवले. पण त्यांच्या हटसनने डिफेन्समन असून ६६ पॉइंट्स काढले, कॅल्डर ट्रॉफी (सर्वोत्तम नवोदिताची) घेतली, शिवाय डिफेन्समन डॉबसन आलाय आणि तरुण फॉरवर्ड डेमिडोव्हचा पहिला पूर्ण सीझन. पोरं तरणी आहेत, हाच प्लस नि हीच भीती.

माझं अडतंय गोलीपाशी. ८२ मॅचमध्ये माँट्रियलचा मॉन्टेम्बो टिकेल का, की टोरोंटोची स्टोलार्झ-वोल जोडीच भारी पडेल? पैज फक्त लीग टेबलची आहे, स्टॅनले कपची नाही (टोरोंटो १९६७ नि माँट्रियल १९९३ नंतर, दोघांच्याही हाती भोपळाच). नियमित बघणाऱ्यांनी सांगा, अजून पलटी मारता येतेय.