अकरा हजार किलोमीटरवर डीपीएफ बदलायला सांगतात आणि वॉरंटी नाकारतात, पुढे काय करावे?

शाहूपुरीकर, सातारा

नमस्कार. चौदा महिन्यांपूर्वी मी महामार्गालगतच्या एका शोरूममधून डिझेल गाडी घेतली. करांसह ती १४ लाखांना पडली. माझे दुकान पोवई नाक्यावर आहे आणि घर शाहूपुरीत, म्हणजे रोजचे जाणे-येणे जेमतेम सात किलोमीटरचे. गाडी घेताना हे मी विक्री प्रतिनिधीला स्पष्ट सांगितले होते. "डिझेल घ्या साहेब, ॲव्हरेज चांगले मिळेल," एवढेच उत्तर मला मिळाले. एक्झॉस्टमधील काजळी अडवणारी डीपीएफ नावाची जाळी या गाडीत असते आणि ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालवावी लागते, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले नाही.

सहाव्या महिन्यात डीपीएफचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला. सर्व्हिस सेंटरमध्ये नेल्यावर त्यांनी लॅपटॉप जोडला, गाडी जागेवरच पाऊण तास रेज केली आणि दिवा घालवून दिला. "पाच मिनिटांचे काम आहे, त्याला जॉब कार्ड कशाला," असे म्हणाले आणि मीही आग्रह धरला नाही. दहाव्या महिन्यात पुन्हा तेच झाले. त्या वेळी जॉब कार्ड मिळाले, पण त्यावर "जनरल चेकअप" इतकेच लिहिलेले आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा दिवा लागला, तिसऱ्यांदा फोर्स्ड रिजनरेशन (म्हणजे लॅपटॉप जोडून जागेवरच जाळी साफ करणे) झाले, आणि त्यानंतर आठच दिवसांनी आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तिला पुण्याहून परत आणत असताना खंबाटकी घाटात गाडीने दम सोडला. ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी वेग तीसच्या पुढे जाईना, मागे मालट्रक हॉर्न देत होते आणि आईच्या एका डोळ्याला पट्टी होती. कशीबशी घाट उतरून वेळे गावाजवळ गाडी बाजूला घेतली आणि तेथून ती टोचन करून साताऱ्याला आणावी लागली.

आता सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे आहे की डीपीएफ पूर्ण बदलावा लागेल, खर्च एक लाखाच्या वर जाईल, आणि हा दोष गाडीचा नसून "ड्रायव्हिंग पॅटर्न"चा असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. गाडी फक्त ११,४०० किलोमीटर चालली आहे. हे त्यांचे म्हणणे मान्य करावे का, आणि करू नये तर नेमके कोणत्या मार्गाने जावे?

मिरजेचा प्रवासी

आपला अनुभव वाचून फार वाईट वाटले, विशेषतः आई सोबत असताना हे घडले म्हणून. माझ्या गाडीचा दिवा असाच वारंवार लागत असे, आणि मी तर दर आठवड्याला मिरज ते पुणे आणि परत असा प्रवास करतो. मलाही पहिल्या दोन वेळा "तुम्ही गाडी हळू चालवता" असेच सांगण्यात आले. तिसऱ्या वेळी मी स्कॅनरवरचे आकडे कागदावर मागितले. आकडे द्यायचे म्हणून त्यांना ते नीट पाहावे लागले, आणि तेव्हा लक्षात आले की जाळीच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी रबरी नळी चिरलेली होती. जाळी तुंबलेली नसतानाही गाडीला ती तुंबलेली वाटत होती. नळी बदलली आणि त्रास संपला.

आपल्या गाडीत तेच असेल असे मी म्हणत नाही, पण तो सेन्सर कोणी तपासला का, हे जरूर विचारा. शिवाय आज सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी पाहा.

जुना मेस्त्री, कराड

मी तीस वर्षे वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यातली शेवटची काही वर्षे बीएस-सहा गाड्यांवर गेली. १ एप्रिल २०२० पासून ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींत डीपीएफ सर्रास आला, पण तो कसा काम करतो हे ग्राहकाला समजावून सांगण्याची पद्धत शोरूमनी लावून घेतली नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

इंजिनातून निघालेली काजळी या जाळीत साठते. ठरावीक प्रमाणात साठली की गाडी स्वतःहून थोडे जादा डिझेल सोडून एक्झॉस्टचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत नेते आणि काजळी जाळून टाकते. याला दहा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालती हवी. आपले घर ते दुकान हे अंतर इंजिन नीट तापायच्या आधीच संपते. म्हणजे जाळणे सुरू होते, आपण चावी फिरवून गाडी बंद करता, आणि काम अर्धवट राहते. दुकानापाशी थांबताना पंखा मोठ्याने फिरत असेल आणि आयडलिंग नेहमीपेक्षा वर असेल, तर त्या वेळी गाडी बंद करायची नसते. जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल अशा अर्धवट प्रयत्नांत ऑइलमध्ये उतरते, म्हणून मिरजेच्या मित्रांनी सांगितलेली डिपस्टिकची तपासणी महत्त्वाची आहे. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, इंजिनाला धोका आहे.

इथपर्यंत सर्व्हिस सेंटरचे म्हणणे काही अंशी बरोबर आहे, आणि मी ते लपवणार नाही. रोज सात किलोमीटरसाठी डिझेल गाडी द्यायलाच नको होती. पण आपल्या हकिगतीत एक गोष्ट त्यांच्या म्हणण्याशी जुळत नाही. आठ दिवसांपूर्वी जाळी साफ केली होती, आणि त्यानंतर गाडी साताऱ्याहून पुण्याला सलग शंभरावर किलोमीटर महामार्गाने गेली. जाळी स्वतःहून साफ होण्यासाठी यापेक्षा चांगली संधी नसते. तरीही परतीच्या वाटेवर गाडीने ताकद तोडली, याचा अर्थ एक तर सेन्सर चुकीचे सांगतो आहे, किंवा इंजिनात डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर खराब असून इंजिन प्रमाणाबाहेर काजळी करते आहे. दोन्ही गोष्टी चालवण्याच्या पद्धतीमुळे होत नाहीत.

दुसरे असे की जाळीत काजळी आणि राख अशा दोन वस्तू साठतात. काजळी जळते, राख जळत नाही, आणि राखेने जाळी भरायला साधारणपणे लाखभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक लागतात. ११,४०० किलोमीटरवर जाळी भरली असेल तर ती काजळीने भरली आहे, आणि ती बहुतेक वेळा साफ करता येते. तेव्हा थेट बदलायला का सांगता, हे लेखी विचारा. सर्व्हिसच्या बिलावर कोणते ऑइल टाकले तेही पाहा, कारण या इंजिनांना कमी राख देणारे ठरावीक ग्रेडचे ऑइल लागते आणि तो ग्रेड आपल्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.

सेन्सरची एक सोपी परीक्षा आहे. चावी ऑन करून इंजिन बंद ठेवायचे आणि स्कॅनरवर दाबाचा फरक पाहायचा. एक्झॉस्टमधून काहीच वाहत नसल्यामुळे तो शून्याच्या जवळ दिसायला हवा. स्वतः शेजारी उभे राहून हे करायला सांगा.

कृष्णाकाठ, सांगली

मी ग्राहक चळवळीत काम करतो. मेस्त्रीकाकांनी तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे, म्हणून मी कायद्यापुरते लिहितो.

आपल्या प्रकरणातील सर्वांत कच्ची बाजू म्हणजे जॉब कार्ड. तीन वेळा एकच तक्रार झाली, पण पहिल्या वेळी कागदच नाही आणि दुसऱ्या वेळी "जनरल चेकअप". उद्या ग्राहक आयोगापुढे समोरची बाजू म्हणेल की ग्राहकाने पूर्वी कधी तक्रारच केली नव्हती. त्यामुळे आजच कंपनीच्या ग्राहक विभागाला आणि डीलरला एकच ईमेल पाठवा, त्यात तिन्ही प्रसंगांच्या तारखा, तेव्हाचे किलोमीटर आणि टोचनच्या पावतीची प्रत द्या. पहिल्या वेळी जॉब कार्ड दिले नाही हेही लिहा. त्या दिवसाचे फोन, व्हॉट्सॲप संदेश, दिव्याचा फोटो, जे असेल ते जोडा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय कोठे आहे याने फरक पडत नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. तक्रारीत डीलर आणि उत्पादक या दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, अनेक प्रकरणे तेथेच मिटतात.

मागणी मात्र जपून करा. "गाडी बदलून द्या" असे रागाने लिहिलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषाबाबतच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की वॉरंटीचे बंधन सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे असते, संपूर्ण गाडी बदलण्याचे नव्हे. उत्पादन दोष म्हणायचा तर तज्ज्ञांचा पुरावा लागतो. कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तशी विनंती अर्जातच करा. विक्रीच्या वेळी रोजचा वापर सांगूनही माहिती दिली नाही, हा मुद्दाही घ्या, कारण महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे या कायद्यात सेवेतील त्रुटीतच मोडते. कंपनी मॅन्युअलमधील सूचनेकडे बोट दाखवील, पण मॅन्युअल गाडी घेतल्यावर हाती येते आणि निर्णय त्याआधी झालेला असतो.

शाहूपुरीकर, सातारा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती आणि बोटांना लागलेल्या ऑइलला डिझेलचा उग्र वास येत होता. मी ईमेलची छापील प्रत पुढे ठेवली आणि तक्रार माझ्या शब्दांत जॉब कार्डवर लिहायला सांगितली. सर्व्हिस ॲडव्हायझर बराच वेळ टाळत होते, अखेरीस मॅनेजरने लिहून घ्यायला सांगितले.

इंजिन बंद ठेवून स्कॅनर पाहिला तेव्हा दाबाचा आकडा शून्यावर येत नव्हता. मी शेजारी उभा होतो आणि मोबाईलवर फोटो काढला. सेन्सर वॉरंटीत मागवला आहे आणि ऑइलही बदलून देणार आहेत. डीपीएफबद्दल मात्र "सेन्सर बसल्यावर बघू" असे तोंडी सांगितले. गाडी परत घेताना समाधानपत्रावर सही करावी लागते असे ते म्हणतात. ती करावी का?

कृष्णाकाठ, सांगली

कोऱ्या समाधानपत्रावर सही करू नका. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "सेन्सर बदलून मिळाला, डीपीएफची तक्रार प्रलंबित आहे." तारीख आणि किलोमीटर टाका आणि त्या कागदाचा फोटो काढल्याशिवाय तेथून निघू नका.