'चॅपल' म्हणजे छोटं चर्च?

भाषांतरवाली: इंग्लंडमधल्या केटरिंग या बाजारपेठेच्या गावाबद्दलचा मजकूर मराठीत करतेय. 'नॉनकन्फॉर्मिस्ट चॅपल'साठी 'बंडखोरांचे छोटे चर्च' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. बरा शब्द सुचवा.

मडगावकर: 'छोटं' बरोबरच आहे की. आमच्याकडे इगर्ज (चर्च) अख्ख्या गावाची, कपेल (चॅपल) एखाद्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, इगर्जीच्या हाताखालची. मूळ लॅटिन 'काप्पा', म्हणजे झगा. संत मार्टिनचा झगा जपून ठेवला ती जागा 'कापेल्ला'.

नगरकर: गोव्यात बरोबर, केटरिंगला नाही. तिथलं चॅपल कुणाच्याच हाताखालचं नव्हतं, सगळी भानगड तीच. १६६२च्या कायद्याने इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधल्या प्रत्येक पाळकाला सरकारी प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं मान्य करणं भाग पडलं. सुमारे २००० जणांनी नकार देऊन पदं सोडली. ते आणि त्यांच्यामागे गेलेले लोक म्हणजे नॉनकन्फॉर्मिस्ट. केटरिंगचे जॉन मेडवेल त्यातलेच. १६६४च्या कायद्याने तर घरच्या माणसांखेरीज पाचांहून जास्त लोक या पुस्तकाबाहेरच्या उपासनेला जमले की गुन्हा! १६८९मध्ये मोकळीक मिळाली, तीही नोंदवलेल्या जागेपुरती.

म्हणून 'बंडखोर' नको. मेडवेल गावचे रीतसर पाळक होते. नियम बदलला, ते बदलले नाहीत.

भाषांतरवाली: मग 'अमान्यपंथी'?

नगरकर: त्यांना अमान्य की ते अमान्य? घोळ होईल. 'राजमान्य पंथाबाहेरचे' लिहा. (आपण पत्रात 'राजमान्य राजश्री' कुणालाही लिहायचो, ते सोडा.)

आणि केटरिंगकर स्वतः काय म्हणत? इंडिपेंडंट लोकांची (प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा असं मानणाऱ्यांची) ती 'ग्रेट मीटिंग', तिच्यातून फुटलेल्या बाप्टिस्टांची (बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असं मानणाऱ्यांची) 'लिटल मीटिंग'. सरळ थोरली सभा, धाकटी सभा! थोरलीची इमारत १७२३ची. नगरकडे आम्ही ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतो, ती हीच कल्पना. मंडळी म्हणजे माणसं; इमारत नंतर. नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशनही मुख्यतः याच इंडिपेंडंट वळणाच्या लोकांचं. त्यामुळे घरातलाच शब्द आहे, वापरा.

मडगावकर: आमची 'इगर्ज'ही ग्रीक 'एक्लेसिया'वरून आलेली, आणि तिचा मूळ अर्थ सभाच. म्हणजे फिरून तिथेच आलो.

शब्दवेडा: मराठीचा धागा राहिला. धाकट्या सभेचे पाळक अँड्र्यू फुलर. २ ऑक्टोबर १७९२ला केटरिंगमध्येच, एका विधवा बाईंच्या घरी, बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी निघाली. वर्गणीचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून फुलरांच्या तपकिरीच्या डबीत टाकले, असं सांगतात. बेरीज १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स. तिथे हजर असलेला, पूर्वी जोडे शिवून पोट भरणारा विल्यम कॅरी पुढच्याच वर्षी बंगालला निघाला. त्याचं मराठी व्याकरण १८०५चं, कोश १८१०चा. पंडित वैजनाथांच्या मदतीने केलेला.

भाषांतरवाली: छान! थोरली सभा, धाकटी सभा नक्की. 'चॅपल' तसंच ठेवून पहिल्यांदा एका ओळीत उलगडते. पण आज धाकटीच्या पाटीवर 'फुलर बाप्टिस्ट चर्च' आहे. खांबांची भारदस्त इमारत, 'छोटं' मुळीच नाही.

नगरकर: मग पाटीवर आहे तेच लिहा. १७९२च्या परिच्छेदात मात्र 'चर्च' आलं तर खोडा.