डायलिसिसला सिस्टर कशाला, टेक्निशियन आहे की!

सोमबुधशुक्र

शीर्षकातलं वाक्य माझं नाही. आमच्या हॉस्पिटलच्या (सांगलीकडचं, मध्यम आकाराचं, खाजगी, नाव सांगत नाही) नव्या व्यवस्थापनाच्या मीटिंगमध्ये ते जसंच्या तसं ऐकलं. प्रस्ताव असा आहे की डायलिसिस युनिटला प्रत्येक शिफ्टमध्ये दोन नर्सऐवजी एकच ठेवायची, बाकी सगळे टेक्निशियन. ती एक नर्ससुद्धा वॉर्डातून पाठवलेली, महिन्या-दोन महिन्यांनी बदलणारी.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, बरीच वर्षं डायलिसिसलाच. माझा याला विरोध आहे. माझी नोकरी जाणार नाहीये, हे आधीच सांगते, म्हणजे तो मुद्दा कुणी काढायला नको.

बाकीच्या वॉर्डांना आमची ड्युटी आरामाची वाटते. नाइट क्वचित, रविवार बंद, पेशंट सगळे ओळखीचे, एकदा मशीनला लावलं की चार तास निवांत. सुया टोचणं हे काम दिसतं, म्हणून तेवढंच काम वाटतं. ते टेक्निशियनला येतंच, अनेकांना माझ्यापेक्षा बरं येतं. प्रश्न मधल्या चार तासांचा आहे.

सोमवारचं उदाहरण घ्या. शुक्रवारी गेलेला पेशंट दोन दिवसांच्या खंडानंतर येतो. मधे कुणाचं लग्न, कुणाकडे सत्यनारायण. कोरडं वजन, म्हणजे अंगात साठलेलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ६० किलो ठरवलेलं, काट्यावर ६४. मशीनमध्ये चार लिटरचा आकडा टाकायला कुणी अडवत नाही. पण तासाला दर किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त पाणी ओढायचं नाही हा सर्वसाधारण दंडक धरला, तर या माणसाचं चार तासांत तीन लिटरच्या थोडंसंच वर निघू शकतं. उरलेल्याचं काय? डॉक्टरांना फोन करून तास वाढवायचा की मंगळवारी परत बोलवायचं? पायाला सूज आहे का, धाप आहे का, की गेल्या महिन्यात खाणं सुधारून खरोखरच अंग भरलंय आणि कोरडं वजनच बदलायला हवं? नेफ्रॉलॉजिस्ट आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात. फोनवर त्यांना काय दिसतं? मी सांगते तेवढंच.

आणि मग जांभई. तिसऱ्या तासाला माणूस टीव्ही बघता बघता जांभया द्यायला लागला, की शेजारच्याला वाटतं झोप आली. पुष्कळदा तो बीपी पडायच्या आधीचा इशारा असतो. मशीनचा बीपी मोजायचा पट्टा अर्ध्या तासाने फुगणार. तोवर थांबलं तर घाम, उलटी, डोळे पांढरे. मी तिथेच पाणी ओढणं बंद करते, पायाकडची बाजू वर घेते, फिस्टुला (सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) नसलेल्या हाताला बीपी बघते, लागलं तर सलाइन सोडते. दहा बेडला एक नर्स, तीही परवाच वॉर्डातून आलेली, ही जांभई कुणाला दिसणार?

टेक्निशियन मंडळींनीही बोलावं. मला भांडायचं नाहीये. म्हणजे थोडं भांडायचं आहे.

---

आरओवाला

ताई, राग मानू नका, पण जांभई आम्हालाही दिसते. तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक सगळं आमच्याकडे टेक्निशियन करतो, आणि पगार नर्सच्या खाली घेतो.

तुम्हाला न दिसणारं काम सांगतो. एका डायलिसिसला मिनिटाला ५०० मिली द्रव फिरतो, चार तासांचा १२० लिटर. एवढं पाणी त्या माणसाच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर असतं. सकाळी पहिली शिफ्ट लावायच्या आधी आरओच्या पाण्यातलं क्लोरीन कोण तपासतं? कार्बन फिल्टर संपला आणि क्लोरामाइन (क्लोरीनचंच भावंड) पुढे आलं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात, एकाच्या नाही, शिफ्टमधल्या सगळ्यांच्या. डायलायझर, म्हणजे रक्त गाळायचा फिल्टर, धुऊन परत वापरायचा तर त्याचं व्हॉल्यूम (आत किती द्रव मावतो) मोजायचं, मूळच्या ८० टक्क्यांखाली गेलं की फेकायचा. फेकायचा म्हटल्यावर वरून फोन येतो, ‘अजून एकदा चालेल का?’ त्या फोनला नाही म्हणणारा टेक्निशियन असतो.

तीन-तीन वर्षं शिकून आलोय आम्ही. मशीन फिरवणारा पोऱ्या नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात डायलिसिसवाल्यांचं नाव आलंय, नोंदणी होणार, जबाबदारी येणार. तेव्हा ‘नोंदणीकृत’ हा शब्द फक्त तुमच्याकडे राहणार नाही.

आणि सरकारीत तर विचारूच नका. सिस्टर रुजू होते, फिस्टुला हाताला लागायला लागतो, तोवर बदलीची ऑर्डर. परत नवी सिस्टर, परत आम्हीच शिकवायचं, आणि सही तिची.

---

रात्रपाळी

आयसीयू नर्स आहे, बीएस्सी. मला दोघांचंही पटत नाही.

डायलिसिसला गेलेल्या माझ्या मैत्रिणी परत येतात तेव्हा व्हेंटिलेटरला हात लावायला घाबरतात. एकच मशीन, एकच प्रकारचा पेशंट, त्याच चार गुंतागुंती. तिथे टेक्निशियन ठेवा आणि नर्स जिथे माणसं खरोखर मरतायत तिथे द्या. आमच्याकडे रात्री एका नर्सकडे तीन व्हेंटिलेटर असतात. आधी ते भरा.

---

सोमबुधशुक्र

@रात्रपाळी, ‘जिथे माणसं खरोखर मरतायत’ वाचून हसू आलं. तुमच्याकडे माणूस आठवडाभरात इकडे किंवा तिकडे होतो. आमच्याकडे तो पाच-सात वर्षं येत राहतो आणि आम्ही त्याला येत राहावा म्हणून धडपडतो. पोटॅशियम साडेसातवर गेलेला माणूस चालत येतो, खुर्चीत बसतो, ‘सिस्टर, आज पाय उचलत नाहीत’ एवढंच म्हणतो. त्याला वजन काट्यावर रांगेत उभं करायचं की आधी ईसीजी काढायचा? मुलगी प्रेमाने रोज शहाळं देत होती, आणि त्यात पोटॅशियम भरपूर, हे त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं, आणि ज्याला तो सांगेल त्याने विचारावं लागतं. हात बिघडतो म्हणता, तर आखाती देशांच्या जाहिरातींत डायलिसिस नर्सची जागा वेगळी निघते आणि अनुभव डायलिसिसचाच मागतात. आयसीयूचा धरत नाहीत.

@आरओवाला, पाण्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, ते तुमचंच राज्य. सही तिची आणि काम तुमचं, हेही खरं, आणि लाजिरवाणं आहे. पण हेपरिन (रक्त गोठू नये म्हणून द्यायचं औषध) किती, आज रक्त चढवायचं का, चढवताना अंगावर पित्त उठलं तर पुढे काय, लोहाचं इंजेक्शन किती वेळात द्यायचं, हे औषधांचं काम आहे. गळ्यातल्या कॅथेटरचं (फिस्टुला नसेल तेव्हा मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) टोपण उघडणंही मी त्यातच धरते. तिथे चूक झाली की चौकशीत पहिला प्रश्न ‘ड्युटीवर सिस्टर कोण’ असाच येतो. टेक्निशियन कोण, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं का? हवं. आज विचारत नाहीत.

---

हिशेबनीस

मी तुमच्या त्या ‘व्यवस्थापना’च्या बाजूचा. शिव्या खायची तयारी आहे.

महात्मा फुले योजनेत पेशंटला डायलिसिस मोफत आहे. हॉस्पिटलला दर सेशनमागे ठरलेली रक्कम मिळते, तीही उशिराने. त्यातून डायलायझर, ट्युबिंग, वीज, आरओची देखभाल, पगार. प्रत्येक चार बेडला नोंदणीकृत नर्स बसवली तर युनिट बंद करावं लागेल. मग तो सोमवारचा पेशंट कुठे जाणार? पुण्याला? एक नर्स असलेलं युनिट हे नसलेल्या युनिटपेक्षा बरं, असं माझं मत.

---

सोमबुधशुक्र

‘नसलेल्या युनिटपेक्षा बरं’ हे उत्तर मला प्रत्येक मीटिंगमध्ये मिळतं. त्याने काहीही खपवता येतं.

पगाराचं म्हणाल तर, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती. २०० पेक्षा जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात नर्सला सरकारीइतका पगार आणि ५० खाटांखालच्याही हॉस्पिटलात किमान २०,००० रुपये, अशी तिची शिफारस. तुमच्या जिल्ह्यात किती ठिकाणी पाळतात ते तुम्हीच बघा. तेव्हा नर्स महाग पडते हे जरा जपून बोला.

---

एसटीचा_पास

माझे वडील आठवड्यातून दोनदा जातात. डॉक्टर तीनदा म्हणतात, पण योजनेत डायलिसिस मोफत असलं तरी येणंजाणं मोफत नाही, आणि माझा खाडा होतो तो वेगळा. पहाटेची एसटी धरतो.

मला तुमच्या डिग्रीतलं कळत नाही. वडिलांच्या हाताला सुई टोचायला टेक्निशियन दादाच लागतो. तो आधी बोटं ठेवून फिस्टुलाची थरथर बघतो, मागच्या वेळच्या जागेपासून जरा वर टोचतो, वडील हूं की चूं करत नाहीत. बदलीवाली सिस्टर आली त्या दिवशी दोनदा टोचलं आणि हात कोपरापर्यंत काळानिळा झाला.

पण फिस्टुला व्हायच्या आधी गळ्यात नळी होती तेव्हा एकदा डायलिसिस सुरू झाल्यावर वडिलांना हुडहुडी भरली. बेड हलत होता इतकी. तेव्हा जुनी सिस्टर होती. आम्ही ब्लँकेट मागत होतो, आणि ती नळीतून रक्त काढून तपासणीच्या बाटल्यांत भरत होती. मला राग आला होता. मग तिने डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून अँटिबायोटिक सुरू केलं. नंतर डॉक्टर म्हणाले, औषधाआधी रक्त घेतलं म्हणून जंतू नेमका सापडला.

आता ती सिस्टर असते, पण योजनेचे फोटो आणि कागद भरत कॉम्प्युटरपुढे. नर्स वाचवायच्या असतील तर आधी तिथून उठवा. ते काम बारावी पास पोरगाही करेल.

---

जुना_गिरगावकर

अवांतर. डायलिसिस हा शब्द आमच्या पिढीने पहिल्यांदा ऐकला तो जयप्रकाशजींमुळे (जयप्रकाश नारायण). १९७५ च्या नोव्हेंबरात ते कैदेतून सुटले तेव्हा मूत्रपिंडं गेलेली होती, मग मुंबईत जसलोकला उपचार. १९७९ मध्ये जाईपर्यंत डायलिसिसवरच होते. त्या वेळी एका माणसाच्या डायलिसिसची बातमी पेपरात यायची. आता तालुक्याला युनिट आहे आणि तुम्ही कोण टोचणार यावर वाद घालताय, ही प्रगतीच म्हणायची. चालू द्या.

---

हिशेबनीस

@एसटीचा_पास, कागदांचा मुद्दा मान्य. डेटा एंट्रीचा माणूस नर्सपेक्षा स्वस्त पडतो, हे मी पुढच्या बजेटमध्ये मांडीन. नर्सची संख्या मात्र वाढणार नाही.

---

आरओवाला

हे ऐकून बरं वाटलं की तुमच्या हिशेबात कुणीतरी आमच्यापेक्षाही स्वस्त आहे.

@सोमबुधशुक्र ताई, औषधांचं मान्य. गळ्यातल्या नळीचं मान्य नाही. आमच्याकडे नळीचं टोपण मीच उघडतो, मास्क, हातमोजे, सगळं पद्धतशीर, आणि आमच्याकडे हुडहुडीचे पेशंट कमी आहेत. पदवी कुठली यापेक्षा घाई किती यावर ते ठरतं. दोन शिफ्टमध्ये अर्धा तास ठेवा, कुणीही उघडू द्या. आणि हिपॅटायटिस बी ची लस? आमच्या दोन पोरांना अजून दिलेली नाही, सिस्टर लोकांना रुजू होतानाच दिली. त्यावर कुठली सिस्टर बोलली नाही.

---

सोमबुधशुक्र

लसीचं वाईट आहे. उद्याच्या उद्या लेखी अर्ज द्या, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरला प्रत द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत त्या दोघांना पॉझिटिव्ह पेशंटच्या मशीनवर लावू देऊ नका. डोस झाल्यावर टायटर (लसीने रक्तात संरक्षण किती तयार झालं ते) बघायला सांगा, नुसतं ‘लस झाली’ पुरत नाही.

नळीच्या बाबतीत तुम्ही म्हणता तो अर्धा तास आमच्याकडे कधीच नसतो. पहिली शिफ्ट उठते आणि दुसरी बेडच्या कडेला उभीच असते. म्हणून मी ते काम सोडत नाही.

---

आरओवाला

अर्ज देतो. पण मत बदललेलं नाही. वॉर्डातून उसनी सिस्टर पाठवणार असाल तर त्यापेक्षा मला अजून एक टेक्निशियन द्या.

---

सोमबुधशुक्र

उसनी नको, हे तर मी पहिल्या पोस्टपासून ओरडतेय. आमच्या मीटिंगला तुमच्याकडचं कुणी येऊन हेच बोलेल का? आम्ही बोललो की म्हणतात, सिस्टरांची युनियन सुरू झाली.

---

आरओवाला

आमचे बोलले की म्हणतात, पगारवाढ हवी असेल. तरी आमच्या सीनियरला विचारतो. तारीख कळवा.